डबा पुन्हा मेला

"कुरिअर है ना? उधर टेबल पे रख दो भैया," असं म्हणून विनीतानं परत फोनमध्ये तोंड घातलं. "नाही गं आई, तुला नाही म्हणाले... हो, जेवते. आत्ताच जेवते!"

"मी कुरिअर नाही," मागून शांत आवाज आला. "आणि ठेवून जायलाही आलेलो नाही. हा बरा झाल्याखेरीज मी येथून हलणार नाही."

विनीता वळली. देवासच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या लहानशा कंपनीत सकाळपासून जो तो तिच्याशी हिंदीत भांडून गेला होता. मराठीत भांडायला आलेला हा पहिलाच! उंच, सावळा, रेनकोटमधून फरशीवर तळं करणारा. एका हातात कापडी पिशवी, पिशवीत त्यांच्याच कंपनीचा करडा डबा. दुसऱ्या हातात एक बाटली... आणि बाटलीत काहीतरी पांढरं, चोथापाणी झालेलं.

"हे काय?"

"पुरावा. नालछ्याचं फाटलेलं दूध. हुंगून पाहता?"

"नको!" विनीता दोन पावलं मागे सरली. "आणि मी मराठी आहे हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"आईला मराठीत थापा मारत होता आपण. जेवला कुठे आहात अजून?"

विनीताला राग यायला हवा होता. आलाही. पण त्याच्या आधी हसू आलं, आणि ते लपवताना तिची जी काही तारांबळ उडाली ती त्यानं नेमकी पाहिली.

त्याचं नाव अजेय. राहायला धारला, घराणं तिथलं जुनं. पवारांच्या दरबाराबरोबर माळव्यात आलेलं. नोकरी मात्र नालछ्याला, मांडूच्या रस्त्यावर, दूध संघाच्या संकलन केंद्रात व्यवस्थापक. आसपासच्या गावांचं दूध तिथे एका मोठ्या थंड टाकीत जमा व्हायचं. टाकीतलं दूध किती अंशावर आहे ते मोजायचं आणि ते तापू लागलं की थंड करणारं यंत्र सुरू करायचं, एवढंच त्या करड्या डब्याचं काम.

"तेवढंही जमत नाही त्याला," अजेय म्हणाला. "लाइट गेली, जनरेटर सुरू झाला, की हा मरतो. म्हणजे मेला असं दिसत नाही हो! काचेवर चार अंश लिहिलेलं असतं. तासानं पाहा, चार अंश. दुपारी पाहा, चार अंश. आत दूध राम म्हणतं आणि हा आपला चार, चार! काहीतरी तजवीज करा, विनीताबाई."

"बाई? मी काय शाळेतली बाई वाटले तुम्हाला? आणि तजवीज हा शब्द माझे पणजोबा वापरत असतील!"

"आमच्या घरी अजून वापरतात," तो निर्विकारपणे म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला. खरोखरच बसला!

विनीतानं डबा टेबलावर लावला. वायर उपसली, परत खुपसली. आकडा गोठला. दहा खेपांपैकी एखाद्या वेळी नाही, चांगला दर दुसऱ्या खेपेला. तिनं कपाळावर हात मारला. डब्याच्या आत एक छोटा कॉम्प्युटर होता, आणि त्या कॉम्प्युटरचा गाभा म्हणजे कर्नल. कर्नलमधला एक तुकडा, त्याला ड्रायव्हर म्हणतात, टाकीतल्या सेन्सरला विचारायचा, किती अंश? विजेच्या झटक्यानं सेन्सर बधिर व्हायचा, गप्प बसायचा. आणि ड्रायव्हर उत्तराची वाट पाहत राहायचा. पाहतच राहायचा.

"म्हणजे रुसलेल्या माणसासमोर हा नुसता उभा?" अजेयनं तिच्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहिलं.

"अगदी तसाच."

"बिचारा."

"बिचारा कसला! मूर्ख आहे. थोडं थांबावं, नाही बोलला तर हलवून जागं करावं, परत विचारावं. एवढी अक्कल नको?"

"आपण असंच करता वाटतं?"

विनीतानं वळून पाहिलं तर तो गंभीर चेहऱ्यानं भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

दुरुस्ती तिला सापडली. नव्या कर्नलमध्ये कुणीतरी परदेशात ती केव्हाच करून ठेवली होती. पण डब्यातला बोर्ड विकणाऱ्यानं कंपनीच्या गळ्यात मारलेला कर्नल जुना. त्या ओळी जुन्यात आणून बसवायच्या, म्हणजे पॅच लावायचा.

"ठिगळ म्हणा की," अजेय म्हणाला.

"ठिगळच. पण कापड वेगळं, वीण वेगळी. दोन तास गप्प बसाल?"

तो गप्प बसला. मधेच कुठून तरी दोन कचोऱ्या आणून त्यातली एक तिच्या कीबोर्डशेजारी ठेवली, तीही न बोलता. विनीतानं सोर्समध्ये, म्हणजे कर्नलच्या मूळ मजकुरात, शिरून ओळी बदलल्या, बिल्ड लावला, म्हणजे त्यातून नवा कर्नल तयार केला, तो मेमरी कार्डवर भरून डब्यात घातला, आणि संध्याकाळी वायर उपसली, खुपसली, उपसली, खुपसली. आकडा एकदाही गोठला नाही.

"झालं!" तिनं टाळी वाजवली. "कायमचं झालं."

"कायमचं?" अजेयनं विचारलं.

"शब्द देते."

तो हसला. पहिल्यांदाच. आणि विनीताला उगाचच वाटलं, बिल्ड अजून थोडा वेळ चालला असता तरी हरकत नव्हती.

मग फोन सुरू झाले. रोज संध्याकाळी, दूध घेऊन झालं की.

"डबा जिवंत आहे."

"कळवल्याबद्दल आभार."

"पाऊस फार आहे इकडे. लाइट तीनदा गेली. तरी जिवंत."

"बरं."

"आपण जेवलात?"

अंशुल, तिचा वरिष्ठ, टेबलापलीकडून भुवया उडवायचा. "बिघडल्यावर फोन करणारे लई पाहिले, विनीता. चालतंय म्हणून फोन करणारा हा पहिलाच कस्टमर आहे भिया!"

"काम करा, सर," विनीता चिडून म्हणायची. आणि फोन यायला थोडा उशीर झाला की त्याच्यापेक्षा जास्त चिडायची.

एकदा ती स्वतः नालछ्याला गेली, डब्याची पाहणी करायला. निदान अंशुलला तिनं तसं सांगितलं. रविवार निवडायचा मूर्खपणा केला होता. सगळं इंदूर मांडूचा पाऊस बघायला निघालेलं, रस्ताभर गाड्या, भुट्ट्यांचा धूर आणि सेल्फी काढणारी जोडपी. अजेय तिला घ्यायला धारच्या स्टँडवर आला होता. त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून ती जवळजवळ सगळा रस्ता कुरकुरत आली, आणि तो मागे न पाहता "हो... हो... खरं आहे..." म्हणत राहिला. केंद्रावर सुभद्राबाई नावाच्या म्हाताऱ्या गवळणीनं तिला पितळेच्या पेल्यात चहा दिला, आपादमस्तक निरखलं आणि अजेयला तिथल्या मालवी बोलीत काहीतरी विचारलं. तो कानापर्यंत लाल झाला.

"काय म्हणाल्या?"

"विचारतात, डबा बनवणारी हीच का."

"एवढंच?"

"...एवढंच."

विनीताचा त्यावर काडीचा विश्वास बसला नाही.

त्या महिन्यात दूध संघाच्या सभेत अजेय उभा राहिला. अध्यक्ष हंबीरराव पक्के संशयी. त्यांना ते डबे मुळातच नको होते. "जबाबदारी माझी," अजेय म्हणाला, आणि संघाच्या सगळ्या केंद्रांवर डबे बसवायचं ठरलं. अंशुलनं सगळ्यांसाठी नवा बिल्ड काढला, मेमरी कार्डं भरून पाठवून दिली. जुनं कार्ड काढून नालछ्यालाही नवं घातलं गेलं. सगळीकडे एकसारखं असावं म्हणून.

दुसऱ्याच दिवशी दुपारी फोन आला.

"डबा पुन्हा मेला."

"काय सांगताय! थट्टा नका करू..."

"थट्टा नाही." आवाज इतका कोरडा की विनीता उभीच राहिली. "रात्रभर पाऊस होता, लाइट आली-गेली. चार केंद्रांचं दूध गेलं. सुभद्राबाईंनी आपल्या हातानं नालीत ओतलं, मी पाहत होतो. हंबीरराव म्हणतात, डबे काढा आणि डब्यांबरोबर तुम्हीही घरी बसा."

"पण ते तर दुरुस्त... मला वाटलं..."

"वाटलं? आपण शब्द दिला होतात, विनीताबाई."

आणि फोन बंद. इतक्या दिवसांत तो असा पहिल्यांदाच बंद झाला.

विनीतानं सोर्स उघडला. तिच्या ओळी नव्हत्या. एकही नाही! जणू ती तिथे कधी गेलीच नव्हती.

"सर, तुम्ही बिल्डच्या आधी काय केलंत?"

"काय म्हणजे? सगळं साफ केलं. गिऱ्हाइकाला द्यायचा माल आहे, क्लीन बिल्ड नको?" अंशुल म्हणाला. मग त्यानं तिचा चेहरा पाहिला. "विनीता... तू सरळ उघडलेल्या सोर्समध्ये हात घातला होतास?"

ती मटकन खुर्चीत बसली. त्या बिल्डच्या यंत्रणेत प्रत्येक गोष्टीची एक रेसिपी असते. सामान कुठून आणायचं, त्यात काय मिसळायचं, कसं शिजवायचं. तिनं रेसिपीला हातच लावला नव्हता. कढईतल्या भाजीत वरून मीठ घातलं होतं. अंशुलनं कढई घासली, रेसिपी वाचून भाजी नव्यानं केली, आणि ती अळणी झाली. कॉलेजातल्या पोरालाही कळावं असं! घाई झाली होती. कुणीतरी समोर बसून कचोरी देत होतं, आणि तिला ते संध्याकाळच्या आत जिंकून दाखवायचं होतं...

"रडू नकोस," अंशुल म्हणाला.

"मी रडत नाही! मला राग आलाय!" ती रडत म्हणाली.

मग तिनं पदर खोचला, म्हणजे ओढणी कमरेला बांधली. या खेपेला सगळं रीतसर. आधी बदलाची स्वतंत्र पॅच फाइल. ती फाइल कंपनीच्या स्वतःच्या कप्प्यात. आणि कर्नलच्या रेसिपीत स्पष्ट नोंद, की कर्नल कितीदाही नव्यानं आणला तरी हा पॅच आधी लावायचा, मगच पुढे जायचं. पॅचच्या डोक्यावर बिघाड काय होता ते लिहिलं. खाली कळवणाऱ्याचं नाव लिहायची कर्नलवाल्यांची रीत असते. तिथे ती थोडी थांबली. मग अजेयचं पूर्ण नाव टाइप केलं.

अंशुलनं डोळ्यांखालून घालावा म्हणून तिनं तो मजकूर त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, त्यानं एक ओळ सुधारून परत पाठवला, तिनं तिथून उचलून फाइलमध्ये डकवला आणि बिल्ड लावला.

पॅच लागेना.

परत लावला. लागेना! एक तुकडा बसला नाही म्हणे. ओळी तर जशाच्या तशा! विनीतानं अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. बरोबर. लावला. लागेना. तिनं कीबोर्ड उचलून टेबलावर आपटला.

"काय मेलं दुखतंय काय तुझं!" ती कॉम्प्युटरवर ओरडली. सगळं ऑफिस वळून पाहू लागलं.

अंशुल उठून आला, डोळे बारीक करून स्क्रीनकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "अगं... टॅब."

ओळींच्या आधीची मोकळी जागा! मूळ सोर्समध्ये ती कीबोर्डवरच्या टॅबची होती. व्हॉट्सअ‍ॅपच्या फेरफटक्यात तिची साधी स्पेस झाली होती. डोळ्याला दोन्ही सारख्याच, रिकाम्या. कॉम्प्युटरला मात्र वेगळ्या. तिनं इतका वेळ रिकाम्या जागेशी भांडण केलं होतं.

"मी नोकरी सोडते," विनीता म्हणाली आणि पॅच मुळापासून नव्यानं काढला.

लागला. तिनं सगळं साफ करून बिल्ड पहिल्यापासून लावला. तो पुरा झाला तेव्हा सोर्स उघडून पाहिला, ओळी होत्या. परत सगळं पुसलं, परत लावला. होत्या. अंशुलला त्याच्या कॉम्प्युटरवर करायला लावलं. तिथेही होत्या. तेव्हा कुठे तिनं कार्डं भरली आणि सकाळी इंदूरमार्गे धारची बस धरली. अजेयला कळवलं नाही. कळवून काय, तो "यावे" म्हणणार होता थोडाच?

नालछ्याच्या केंद्रावर सभा भरलेलीच होती. पत्र्याखाली गावोगावचे दूधवाले, मधे खुर्चीत हंबीरराव, आणि कडेला भिंतीला टेकून अजेय. त्यानं तिला पाहिलं आणि ताठ झाला.

"अजेयनं तुमच्यासमोर शब्द दिला तो माझ्या भरवशावर," विनीता उभ्या उभ्या हिंदीत म्हणाली. "दुरुस्ती मी केली होती, पण कच्ची. त्यात त्याचा दोष नाही. आता पक्की केली आहे. तुमच्यासमोर लाइट बंद करून बघा. नाही चालला तर डबे मीच बसमध्ये घालून घेऊन जाते."

"बघू या की," हंबीरराव म्हणाले. कार्ड बदललं, मेन स्विच खाली ओढला. अंधारलं. जनरेटर खोकला, धडधडला. सगळे डब्याच्या काचेवर वाकले.

चार.

चार...

मग आकडा हलला. पाच. यंत्र घरघरत सुरू झालं, आणि थोड्या वेळानं परत चार.

"एक बार में कंई पतो चले बेटी?" एकदा पाहून काय कळणार, म्हणून सुभद्राबाई जागच्या हलल्या नाहीत. "फेर करो."

फेर केलं, म्हणजे पुन्हा स्विच ओढला. मग आणखी फेर. हंबीररावांनी स्वतः केलं, त्यांच्या शेजाऱ्यानं केलं, ज्याला त्याला स्विच ओढून बघायचा होता. लहान पोरांच्या हाती पाळणा लागावा तसं! शेवटी विनीताच वैतागली. "अहो, आता दूध नाही, जनरेटर बिघडेल!" तेव्हा कुठे लोक हसले. डबे पावसाळाभर ठेवून बघायचं ठरलं. अजेयलाही.

तो तिला धारपर्यंत सोडायला निघाला. वाटेत सर आली, दोघं एका भुट्टेवालीच्या ताडपत्रीखाली उभे राहिले.

"सगळ्यांसमोर माझं नाव घ्यायची गरज नव्हती," तो म्हणाला.

"तुमचं नाव तर कर्नलच्या पॅचमध्येही घातलंय. कळवणारा म्हणून."

"माझं?" तो वळला. "रोज ओरडणाऱ्याला आमच्याकडे तक्रारखोर म्हणतात."

"आमच्याकडे रीत आहे तशी. उगाच फुगू नका."

तो फुगला नाही. नुसता तिच्याकडे पाहत राहिला. ताडपत्रीच्या कडेवरून पाणी ओघळत होतं, तिची बट गालाला चिकटली होती, आणि ती बाजूला करायला हात वर घ्यावा की नाही हेही तिला सुचेना.

"त्या दिवशी मी फोन ठेवला..." तो पुटपुटला.

"बरं केलंत. भुट्टा थंड होतोय."

त्यानंतर डबे चालले. इतके चालले की विनीताला त्यांचा संताप येऊ लागला. लाइट जायची, यायची, पाऊस सरला, शेतांत सोयाबीन पिवळं पडलं, आणि नालछ्याहून एक तक्रार नाही. फोन नाही. जिवंत आहे म्हणूनही नाही. संध्याकाळी ती फोन उलटा ठेवायची, सुलटा करायची, परत उलटा. अंशुल म्हणाला, "फर्स्ट क्लास पॅच केलास," तर ती त्याच्यावर खेकसली.

एका शनिवारी तिनंच फोन लावला.

"डबा कसा आहे?"

"उत्तम."

"काही त्रास?"

"यत्किंचितही नाही."

"मी धारला येतेय," विनीता म्हणाली. "डब्याचं काही काम नाही. नुसती येतेय." आणि तो काही बोलायच्या आत फोन ठेवून दिला.

धारच्या स्टँडवर तो नव्हता. ती थांबली. आणखी थांबली. ऊन डोक्यावर आलं. परतीची बस लागत होती आणि ती खरंच चढायच्या बेतात होती, तेव्हा तो धावत आला. मोटारसायकल पंक्चर, हात काळे, शर्टावर ग्रीसचा पंजा.

"एवढा उशीर! मी देवासहून वेळेवर येते आणि तुम्ही गावातल्या गावात..."

"आधी पोहे खाऊ," तो धापा टाकत म्हणाला. "उपाशी भांडू नये."

समोरच्या गाडीवर शेव घातलेल्या पोह्यांच्या दोन बश्या घेऊन दोघं बाकावर बसले.

"फोन का केला नाहीत?" तिनं विचारलं.

"काय सांगून करू? तसा फोन बंद केल्यावर नुसतं 'जिवंत आहे' म्हणायला तोंड नव्हतं, आणि तक्रार करावी तर डबा चालतो आहे!"

"मग बंद पाडायचा!"

"हात गेला होता वायरीपर्यंत. दोनदा," अजेय खाली बघत म्हणाला. "पण सुभद्राबाई तिथेच बसलेल्या असतात."

विनीता हसली नाही. हसली असती तर बोलणं तिथेच विरघळून गेलं असतं, आणि या खेपेला तिला ते विरघळू द्यायचं नव्हतं.

"विनीताबाई..."

"विनीता."

"विनीता." त्यानं बशी खाली ठेवली. "मला... आपण फार आवडता. पहिल्या दिवसापासून. झालं, सांगितलं." आणि बशी उचलून तो भराभर पोहे खाऊ लागला.

"हे सांगून खाताय काय!"

"भीती वाटली की मी खातो."

विनीतानं त्याच्या हातातली बशी काढून घेतली. काळ्या ग्रीसची बोटं तिच्या बोटांना लागली, तिनं ती सोडवली नाही.

"मलाही," ती म्हणाली. "म्हणजे तुमची भाषा विचित्र आहे, वेळेचं भान नाही, आणि फोन नेमका नको तेव्हा ठेवता. पण तुझ्याशिवाय... काहीच्या काही जातात रे संध्याकाळी."

'तू' कधी निसटलं ते तिला कळलं नाही. त्याला कळलं. तो खाणं विसरून बघत राहिला.

मागे कंडक्टर इंदूर-इंदूर ओरडत होता. विनीता उठली नाही.

"पुढच्या रविवारी देवासला ये. आई-बाबा घरी असतात."

"ओळख काय सांगशील माझी?" पहिल्याच 'सांगशील'ला तो अडखळला.

तिनं विचार केला. "सांगेन, मी अख्खा पावसाळा ज्याच्या-त्याच्यावर डाफरत होते ना, ते याच्यामुळे."

"आणि त्या म्हणाल्या, मग घरी कशाला आणलंस?"

"मग मी गप्प बसेन," विनीता म्हणाली. "आईला कळतं."